ऐकताना मन कुठे असते

१९६१ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छीना आणि बलदेव सिंग या संशोधकांनी काही योग्यांच्या मेंदूतील विद्युतलहरींची नोंद घेतली. समाधीत बसलेल्या योग्यासमोर प्रखर दिवा लावला, मोठा आवाज केला, तापलेली काचेची नळी अंगाला टेकवली, तरी संथ अल्फा लहरी मोडल्या नाहीत. पाच वर्षांनी जपानमध्ये अकिरा कासामात्सु आणि तोमिओ हिराई यांनी झेन साधकांवर प्रयोग केला. ठराविक अंतराने एकच टक्क असा आवाज वीस वेळा ऐकवायचा आणि लहरी पाहायच्या. ध्यानाचा सराव नसलेल्या माणसांच्या लहरी पहिल्या काही आवाजांना मोडल्या. मग मेंदू सरावला आणि त्याने दखल घेणे सोडून दिले. मुरलेल्या झेन साधकांचा मेंदू मात्र शेवटच्या आवाजालाही पहिल्यासारखाच जागा होत होता आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा शांत होत होता. १९८१ मध्ये बेकर आणि शापिरो यांनी योग, झेन आणि भावातीत ध्यान करणाऱ्यांवर हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा गटागटांत असा फरक त्यांना आढळला नाही. त्यामुळे जुन्या निष्कर्षांना पक्के मानता येत नाही. पण त्या निष्कर्षांनी मांडलेला भेद आजही कामाचा आहे. एका ध्यानात कान जगाकडे पाठ फिरवतो, दुसऱ्यात तो प्रत्येक आवाज नव्याने ऐकतो. आज माइंडफुलनेस किंवा सजगतेचे ध्यान या नावाने जे शिकवले जाते, ते या दुसऱ्या जातीचे आहे.

टक्क आवाजाच्या जागी संगीत ठेवले की प्रश्न अवघड होतो आणि मोलाचाही. टक्क आवाजाला ना अर्थ असतो, ना त्यामागे कुठली आठवण. मारव्याचा कोमल रिषभ लागतो तेव्हा मात्र आत काहीतरी हलते. जुन्या चित्रपटगीताचे नुसते सुरुवातीचे वाद्यसंगीत वाजले तरी घसा दाटून येतो. सजगतेच्या सरावाने या भावनेचे काय होते? सहसा ऐकू येणारे उत्तर असे, की ध्यानाने मन शांत होते आणि शांत मनाला संगीत जास्त भावते. उलट बाजूची शंका अशी, की ध्यानाने माणूस अलिप्त होतो आणि अलिप्त माणसाला गाणे काय भावणार. माझ्या मते दोन्ही बाजू चुकीच्या जागी मोजमाप करत आहेत. भावना किती उसळली हे दोघेही मोजतात. उपलब्ध संशोधन एकत्र ठेवून पाहिले तर सजगतेमुळे खरा फरक पडतो तो भावना कुठून उगवते यात. ती आपल्या स्वतःविषयीच्या कथेतून उगवायची, ती अधिकाधिक सुरांतून उगवू लागते. हा फरक छोटा नाही, हे पुढे दाखवण्याचा प्रयत्न आहे.

आधी सरावाचे स्वरूप थोडक्यात. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी पुढे आठ आठवड्यांचा म्हणून रूढ झालेला अभ्यासक्रम सुरू केला. त्यातली साधना बौद्ध परंपरेतली होती. धार्मिक चौकट मात्र त्यांनी बाजूला ठेवली. महाराष्ट्राला त्याच परंपरेची दुसरी शाखा ओळखीची आहे. सत्यनारायण गोएंका यांनी म्यानमारमध्ये सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून शिकून भारतात आणलेली विपश्यना १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिकवली जाते. तपशील वेगळे असले तरी मूळ क्रिया साधी आहे. श्वासावर किंवा शरीरातील संवेदनांवर लक्ष ठेवायचे, ते भरकटले की भरकटल्याची नोंद घ्यायची आणि स्वतःला दोष न देता परत यायचे. जे जाणवते ते सुखद आहे, दुःखद आहे की दोन्ही नाही, एवढे ओळखायचे; त्याला धरून ठेवायचे नाही आणि झटकायचेही नाही. म्हणजे दोन गोष्टींचा व्यायाम होतो. एक, लक्ष परत आणण्याचा. दुसरा, आलेल्या संवेदनेत लुडबुड न करण्याचा. संगीत ऐकताना हे दोन्ही उपयोगी पडतात, आणि वेगवेगळ्या रीतीने पडतात.

आता संगीताकडे. संगीतातून भावना कशी जागी होते याचे एकच उत्तर नाही, हे स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक युस्लिन यांनी फार नेमकेपणाने मांडले आहे. २००८ मध्ये त्यांनी आणि डॅनियल वेस्टफ्येल यांनी सहा वाटा सांगितल्या. पुढे युस्लिन यांनी लयीशी शरीराचे जुळणे आणि सौंदर्याचा निवाडा अशा दोनांची भर घातली. अचानक जोरात पडलेल्या थापेने दचकणे ही मेंदूच्या बुडाशी असलेल्या भागाची प्रतिक्षिप्त क्रिया. सनई ऐकली की मंगलकार्य आठवणे ही निव्वळ सवयीने पडलेली गाठ. राष्ट्रीय दुखवट्याच्या दिवसांत आकाशवाणीवर वाजत राहिलेल्या सारंगीमुळे ते समर्थ वाद्य कित्येकांच्या मनात शोकाशी जोडले गेले, तेही असेच. गायकाच्या आवाजातला कंप ऐकून आपला आवाज ओला होणे हा भावनेचा संसर्ग. डोळ्यांपुढे चित्र उभे राहणे ही आणखी एक वाट. एखाद्या गाण्याबरोबर एखादे माणूस, एखादे गाव, एखादे वय परत येणे ही आठवणीची वाट. आणि पुढे काय येणार याचा कानाने बांधलेला अंदाज खरा ठरणे, लांबणे किंवा चुकणे, ही अपेक्षेची वाट. लेनर्ड मायर यांनी १९५६ मध्ये आपली संगीतमीमांसा याच वाटेवर उभी केली होती. ऐकणाऱ्याला हे सगळे एकच वाटते. तो म्हणतो, गाणे काळजाला भिडले. पण भिडलेली गोष्ट गाण्यातली होती, गाण्यामुळे जागी झालेली होती, की गाण्याशी योगायोगाने चिकटलेली होती, हे त्यातून कळत नाही.

अपेक्षेच्या वाटेवर थोडे थांबायला हवे, कारण तिथला पुरावा सर्वांत भक्कम आहे. मॉन्ट्रियलमध्ये अ‍ॅन ब्लड आणि रॉबर्ट झातोरे यांनी २००१ मध्ये दाखवले, की आवडत्या संगीताने अंगावर काटा येतो तेव्हा अन्न किंवा इतर सुखांच्या वेळी काम करणारी मेंदूतली बक्षीसयंत्रणा जागी होते. दहा वर्षांनी वलोरी सलिमपूर आणि सहकाऱ्यांनी त्याच शहरात आणखी बारकावा टिपला. रोमांचाचा क्षण येण्याआधी, म्हणजे तो येणार याची चाहूल लागताच, मेंदूच्या एका भागात डोपामिन स्रवते. क्षण आला की दुसऱ्या भागात. २०१९ मध्ये लॉरा फेरेरी आणि सहकाऱ्यांनी डोपामिन वाढवणारे आणि अडवणारे औषध देऊन संगीताचा आनंद वाढतो आणि घटतो, हेही सिद्ध केले. ख्याल ऐकणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. तिहाई सुरू झाली की श्रोता समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, झुकतो, आणि सम पडताच सभागृहातून जी दाद उठते ती आधीच्या ताणाची फेड असते. पण ही फेड मिळायला ताण धरून ठेवावा लागतो. अतिविलंबित झुमरा तालात एक आवर्तन मिनिटभर चालते. त्या मिनिटात मन उद्याच्या कामाकडे जाऊन आले, तर सम येते आणि निघून जाते. अपेक्षाच बांधलेली नसल्याने ती पुरी होण्याचा आनंदही होत नाही. सगळ्या वाटांमध्ये ही वाट लक्षावर सर्वाधिक अवलंबून आहे. दचकायला लक्ष लागत नाही. आठवण तर उलट लक्ष सुटल्यावरच जास्त येते.

आणि लक्ष सुटते, फार सुटते. मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये फोनवरून २,२५० माणसांना दिवसात मधूनच विचारले, की आता काय करताय आणि मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामापासून दूर होते. संगीताच्या बाबतीत लिला तारुफ्फी आणि सहकाऱ्यांचा २०१७ चा अभ्यास डोळे उघडणारा आहे. दुःखी संगीत ऐकताना मन आनंदी संगीताच्या तुलनेत जास्त भरकटते, आणि मेंदूतले जे जाळे स्वतःविषयीच्या विचारांत, जुन्या गोष्टी आठवण्यात, भविष्याच्या कल्पनांत गुंतते, ते त्या वेळी अधिक मध्यवर्ती होते, असे त्यांना दिसले. म्हणजे करुण चीज ऐकताना आपण अनेकदा ती चीज ऐकत नसतो. तिच्या आडोशाने स्वतःला ऐकत असतो. याच तारुफ्फी यांनी २०१४ मध्ये स्टेफान केल्श यांच्यासोबत ७७२ जणांना दुःखी संगीताविषयी विचारले होते. अशा संगीताने सर्वाधिक जागी होणारी भावना म्हणून लोकांनी दुःखाचे नाव घेतले नाही. गतकाळाच्या हुरहुरीचे घेतले. हुरहुर कोणाची? अर्थातच ऐकणाऱ्याची. गाणे तिचे निमित्त.

सजगतेचा सराव नेमका याच जाळ्यावर काम करतो. जडसन ब्रुअर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये येल विद्यापीठात अनुभवी साधकांच्या मेंदूची पाहणी केली, तेव्हा स्वतःभोवती फिरणाऱ्या या जाळ्याचे मुख्य भाग त्यांच्यात तुलनेने शांत होते. त्याआधी २००७ मध्ये टोरोंटोच्या नॉर्मन फार्ब यांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. मनात स्वतःची गोष्ट सांगत राहणे आणि या क्षणी जे घडते आहे ते जाणवणे, या दोन क्रिया सर्वसाधारण माणसात एकमेकींत गुंतलेल्या असतात; आठ आठवड्यांच्या सरावानंतर त्या सुट्या होऊ लागतात. माझा मुद्दा यावर उभा आहे. आत्मकथेचा आवाज खाली गेला, तर त्याच कानाला, त्याच गाण्यात, इतर वाटांनी येणारे जास्त पोहोचते. स्वरांमधले अंतर, आवाजाचा पोत, शब्द उच्चारण्याआधी गायकाने घेतलेला श्वास, लयीचा ताण हे सगळे जास्त पोहोचते. भावना नाहीशी होत नाही. तिचा कच्चा माल बदलतो.

थेट संगीतावर झालेल्या प्रयोगांपैकी फ्रँक डियाझ यांचा २०१३ चा प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो. संगीत शिकणाऱ्या १३२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांना त्यांनी पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ या ऑपेरातला एक भाग ऐकवला. ऐकता ऐकता एक चकती फिरवून, आपण किती रंगलो आहोत हे त्यांनी क्षणाक्षणाला दाखवायचे होते. काही गटांना ऐकण्यापूर्वी थोडा वेळ सजगतेचे ध्यान करायला लावले. ध्यान केलेल्यांपैकी बहुतेकांनी सांगितले, की नेहमीपेक्षा वेगळे ऐकू आले. लक्ष कमी विचलित झाले आणि संगीतावर जास्त टिकले. हे विद्यार्थी नवखे नव्हते. संगीत हेच त्यांचे शिक्षण. अशा तयार कानालाही काही मिनिटांच्या ध्यानाने ऐकणे बदलल्यासारखे वाटावे, यावरून एक गोष्ट उघड होते: संगीताचे ज्ञान असणे आणि संगीताकडे लक्ष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राग ओळखता येतो म्हणून माणूस तो राग ऐकतच असतो असे नाही. कित्येकदा रागाचे नाव सापडले की ऐकणे थांबते.

या फरकाचा संबंध केवळ रसिकतेशी असता तर तो रसिकांपुरता राहिला असता. तो मनाच्या आरोग्याशीही आहे. ऑस्ट्रेलियातील सॅन्ड्रा गॅरिडो आणि एमरी शूबर्ट यांच्या अभ्यासांत असे दिसले, की ज्यांना तेच ते कडू विचार उगाळण्याची सवय असते, त्यांची खिन्नता दुःखी गाणी ऐकल्यावर वाढते. आणि तरीही ते तीच गाणी निवडतात. फिनलंडमध्ये २०१५ मध्ये झालेल्या एमिली कार्लसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात, राग किंवा दुःख मोकळे करण्यासाठी तशाच वळणाचे संगीत ऐकणाऱ्या पुरुषांमध्ये चिंतेचे प्रमाण जास्त आढळले. मन हलके करायला लावलेले गाणे मन जड करून जाते, याचे कारण गाण्यात शोधून सापडणार नाही. तीच उदास चाल एकाला निववते आणि दुसऱ्याला खोल नेते. एक जण चालीतली उदासी ऐकतो. दुसरा तिच्या तालावर आपल्यावर झालेल्या अन्यायाची उजळणी करतो. सजगतेचा दुसरा व्यायाम, म्हणजे आलेल्या संवेदनेला न धरणे आणि न झटकणे, इथे कामी येतो. छातीतला जडपणा जडपणा म्हणून जाणवतो, आणि सुरांबरोबर तो बदलत असल्याचेही जाणवते. त्याला ‘माझेच नेहमी असे का होते’ हे वाक्य जोडले जात नाही. नैराश्याच्या आजारात डॉक्टरांचा सल्ला आणि उपचार यांना यामुळे पर्याय मिळतो असा अर्थ कोणी काढू नये. पण रोजच्या ऐकण्यात हा फरक करता येण्यासारखा आहे.

हे सारे आजच्या प्रयोगशाळांतले. पण हाच पेच एक हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने मांडला होता, आणि माझ्या मते आजच्या बहुतेक मांडणीपेक्षा स्वच्छ मांडला होता. भरताच्या नाट्यशास्त्रावरील ‘अभिनवभारती’ या टीकेत त्याने रसाच्या आड येणारी सात विघ्ने सांगितली आहेत. त्यातली दोन आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहेत. रंगमंचावरची भावना ‘ही माझी’ किंवा ‘ही त्या अमक्याची’ अशी ठराविक व्यक्तीला, ठराविक जागेला आणि काळाला चिकटवून टाकणे, हे एक. आणि प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखाने इतका विवश झालेला असणे, की त्याची जाणीव दुसऱ्या कशावर टेकूच शकत नाही, हे दुसरे. ही विघ्ने दूर झाली तर भावना कोणा एकाची राहत नाही, सर्वसाधारण होते, आणि मग ती आस्वाद्य होते. शोकातून करुण रस होतो तो या प्रक्रियेने. नाहीतर शोक हा नुसता शोक. विशेष म्हणजे, स्वतःच्या सुखदुःखात बुडालेल्या प्रेक्षकावर अभिनवगुप्ताने जो उपाय सांगितला, त्यात गायन-वादन आहे. म्हणजे त्याच्या मते मन स्वतःपासून सोडवण्याचे काम संगीतच करते. मग ध्यानाची गरज काय, असे कोणी विचारील. उत्तर असे, की त्याच्यासमोरचा श्रोता नाट्यगृहात येऊन बसलेला, आस्वादाची तयारी असलेला सहृदय होता. आपण गाणी बहुतेक वेळा लोकलमध्ये, स्वयंपाक करताना, फोनवर दुसरे काही वाचताना ऐकतो. संगीताने मन सोडवावे यासाठी ते निदान एकदा संगीतापाशी पोहोचले पाहिजे. सजगता तेवढे करते. पुढचे काम संगीताचेच आहे.

आता आक्षेप. सर्वांत जिव्हाळ्याचा आक्षेप असा, की आठवणच काढून घेतली तर गाण्यात उरते काय? ज्या गाण्यांनी पिढ्या बांधल्या, ती सुरांसाठी जितकी जपली जातात तितकीच त्यांना चिकटलेल्या आयुष्यासाठी. हे मला पूर्ण मान्य आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाला तरुणपणचे गाणे ऐकवून त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटत असेल, तर तिथे आठवण हीच गाण्याची थोरवी, आणि तिथे सजगतेची चर्चा करणे गैर ठरेल. पण सराव आठवणीला मज्जाव करत नाही. आठवण आली की ती आठवण आहे, हे कळते एवढेच. मग तिच्यासोबत थोडे चालायचे की सुरांकडे परतायचे, ही निवड उरते. आठवण वजा केल्यावर काही उरते याचा पुरावाही आहे. १९९९ मध्ये लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम फोर्ड थॉम्पसन यांनी हिंदुस्थानी संगीताशी परिचय नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांना राग ऐकवले. त्या रागांशी जोडलेला कोणताही प्रसंग, कोणताही सण, कोणताही चित्रपट त्यांच्या गाठी नव्हता. तरी आनंद, दुःख आणि क्रोध त्यांना ओळखता आले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राशी संबंधित अवंतिका माथुर, नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले, की रागांचा आलाप वेगवेगळ्या भावना जागवतो, गत या तालबद्ध भागात लय आली की उत्तेजना वाढते, आणि कोमल रिषभाचा वापर उदास किंवा ताणलेल्या भावनेशी निगडित असतो. सुरांत स्वतःचे पुष्कळ आहे. ते ऐकू येण्याइतकी जागा मात्र लागते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ध्यानाने भावना बोथट होतात. हा नुसता पूर्वग्रह नाही. मॉन्ट्रियलमधील व्हेरोनिक टेलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये भावना उत्तेजित करणारी चित्रे दाखवली, तेव्हा सजग राहून पाहणाऱ्या नव्या आणि अनुभवी अशा दोन्ही साधकांना चित्रे कमी तीव्र वाटली, आणि त्यात सुखद चित्रेही होती. गायेल देबोर्द आणि सहकाऱ्यांना २०१२ मध्ये आठ आठवड्यांच्या प्रशिक्षणानंतर मेंदूतील अमिग्डला या भागाचा चित्रांना मिळणारा प्रतिसाद कमी झालेला दिसला. अमेरिकेतील संशोधक विलोबी ब्रिटन यांनी २०१९ मध्ये स्पष्ट इशारा दिला, की हा सराव एका मर्यादेपलीकडे गेला तर हवीहवीशी वाटणारी भावनाही कमी होऊ शकते. हे पुरावे मी बाजूला सारत नाही. पण टेलर यांच्याच अभ्यासात एक अर्थपूर्ण तपशील आहे. नवख्या साधकांत अमिग्डला शांत झाली होती; अनुभवी साधकांत ती तशी शांत झालेली नव्हती, शांत झाले होते ते स्वतःभोवती फिरणारे जाळे. म्हणजे सुरुवातीला माणूस भावना दाबतो, आणि सराव मुरल्यावर भावना येऊ देतो, फक्त तिच्यावर स्वतःची गोष्ट रचत नाही, असे वाचन शक्य आहे आणि मला ते पटते. शिवाय भीतीदायक किंवा लोभस चित्र आपल्याकडून काही कृती मागते, पळण्याची किंवा धरण्याची. संगीत तसे काही मागत नाही. ते काळात उलगडते आणि त्याचा आनंद त्या उलगडण्याच्या मागे राहण्यात असतो. चित्रांवरचे निष्कर्ष जसेच्या तसे गाण्याला लावता येत नाहीत. तरीही ब्रिटन यांचा इशारा लक्षात ठेवावा. गाण्याने काहीच वाटेनासे झाले, तर त्याला प्रगती समजू नये.

याच्याच जवळचा तिसरा प्रश्न परंपरेतून येतो. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या शिबिरात संगीत वर्ज्य आहे. बौद्ध उपासक उपोसथाच्या दिवशी जी आठ शीले पाळतात त्यांतले एक नृत्य, गीत आणि वाद्यापासून दूर राहण्याचे आहे. ज्या परंपरेने संगीत दूर ठेवले, तिची साधना संगीतासाठी वापरणे ही विसंगती नाही का? आहे, आणि ती लपवू नये. त्या परंपरेचे ध्येय तृष्णेचा क्षय हे आहे, रसास्वाद नाही. शिबिरातल्या बंदीला तर सरळ व्यावहारिक कारणही आहे: सूक्ष्म संवेदना ओळखायला शिकणाऱ्यासमोर इतके प्रबळ उद्दीपन ठेवले तर शिकणेच होणार नाही. पण भारतीय साधनेचा प्रवाह एकच नाही. काश्मीरच्या शैव परंपरेतील ‘विज्ञानभैरव’ या ग्रंथात तंतुवाद्यांच्या दीर्घ नादावर चित्त ठेवणे आणि गीताच्या आस्वादात एकरूप होणे यांना साधनेच्या वाटा म्हणून स्थान दिले आहे. अभिनवगुप्त याच परंपरेतला. तेव्हा आपण बौद्धांकडून लक्षाची कला घेतो आणि शैवांकडून तिचा संगीतातला वापर, असे म्हणता येईल. दोघांचे ध्येय एकच होते असा दावा मात्र करू नये.

समेचा आनंद भविष्याच्या अपेक्षेत असतो आणि सजगता वर्तमानात राहायला सांगते, मग दोन्हींचे जमणार कसे, असाही एक तार्किक पेच घातला जातो. तो फार टिकत नाही. समेची अपेक्षा हा वर्तमानात जाणवणारा ताण आहे. तो कानात, मानेत, बोटांत आत्ता असतो. सजगतेला अडथळा होतो तो ‘हा गायक अजून किती वेळ गाणार’ या विचाराचा.

पुराव्याच्या ताकदीविषयीचा आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि त्यापुढे माझा दावा मर्यादित करणे मला योग्य वाटते. डियाझ यांच्या प्रयोगातला महत्त्वाचा भाग विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या सांगण्यावर उभा आहे. ध्यान केले म्हणजे काही बदलायला हवे, असे वाटूनही माणूस तसे सांगतो. मेंदूचे जाळे शांत होणे आणि आत्मकथा थांबणे हे एकच आहे, असेही मानता येत नाही. सजगतेच्या एकूण लाभांविषयी माधव गोयल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ४७ चाचण्या आणि ३,५१५ सहभागी यांचा आढावा घेतला, तेव्हा चिंता, नैराश्य आणि वेदना यांवर मध्यम दर्जाचा पुरावा मिळाला. बाकी बहुतेक दाव्यांवर तो तोकडा होता. म्हणून ‘ध्यान करा, संगीताचा आनंद दुप्पट होईल’ असे कोणी म्हणाले तर त्यावर विश्वास ठेवू नये. मी म्हणतो ते एवढेच: संगीतातल्या भावनेच्या अनेक वाटा आहेत हे पक्के आहे, त्यांतल्या काही लक्षाशिवाय चालत नाहीत आणि काही लक्ष सुटल्यावर फोफावतात, हेही बऱ्यापैकी पक्के आहे, सजगता लक्षाला आणि आत्मकथेला बदलते, याला चांगला आधार आहे. या तीन गोष्टी जोडल्या की निघणारा निष्कर्ष थेट मोजलेला कमी आणि तर्काने काढलेला जास्त आहे. पण तर्काची प्रत्येक कडी तपासता येण्यासारखी आहे, आणि कानाने स्वतः तपासता येण्यासारखीही.

ते तपासायला आपल्या संगीताइतकी सोय क्वचित कुठे असेल. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार ऐकू येतो, हे गुरू शिष्याला सांगतात. तो ऐकू येईपर्यंत शिष्य जे करतो, ते लक्ष परत परत एका जागी आणणेच आहे. आलापीला शब्दांचा आणि ठेक्याचा आधार कमी असतो, त्यामुळे आठवणींना धरायला काठ कमी मिळतात आणि भरकटलेले मन लवकर उघडे पडते. म्हणून सुरुवात ओळखीच्या भावगीतापेक्षा अनोळखी रागाच्या आलापाने करावी, तीही दहा मिनिटांहून जास्त नको. ल्युचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये आणखी एक उपयुक्त गोष्ट दाखवली. रागसंगीतासह सहा प्रकारचे संगीत ऐकवताना मध्येच दोन मिनिटांचा विराम ठेवला, तेव्हा हृदयाची गती, रक्तदाब आणि श्वास संगीत सुरू होण्याआधीपेक्षाही खाली आले. घरी ऐकताना आपण नेमका हा विराम गमावतो, कारण फोनवरचे पुढचे गाणे आपोआप सुरू होते; ती सोय बंद करता येते. गावोगावच्या संगीत मंडळांत रसास्वादाचे वर्ग होतात. तिथे रागाचे आरोह-अवरोह, घराणी, तालांच्या मात्रा शिकवतात, आणि ते शिकवायलाच हवे. त्याच वर्गात एक आलाप पाच मिनिटे ऐकवून, मन किती वेळा आणि कुठे गेले, हे ज्याने त्याने स्वतःपुरते टिपावे, असा पाठ ठेवायला काही खर्च येत नाही. महिनाभराने तोच आलाप पुन्हा ऐकवला, तर आधी आणि नंतरच्या टिपणांत आठवणी किती आणि सूर किती, हे प्रत्येकाला आपापल्या अक्षरात वाचता येईल.